चोविसावा बिल्ला

वर्ध्याच्या बाजारात भांड्यांच्या एका जुन्या दुकानाच्या पायरीवर हरिदास झाडे बसतो. दुकान त्याचं नाही, पायरीही त्याची नाही. त्याचं म्हणायला एक लाकडी टेबल, नाव टाकायची मशीन आणि बेचाळीस वर्षांची पाठदुखी. लग्नसराईत लोक गंज, हंडे, ताटं घेतात आणि त्याच्यासमोर आणून मांडतात. कुणाच्या लेकीचं नाव असतं, कुणाच्या आईच्या स्मरणार्थ दिलेली परात असते, कुठल्या मंडळाचं भलंमोठं पातेलं असतं. मशीन टर्रर्र करते आणि नाव उमटतं. तालुक्यात असं घर विरळाच, जिथल्या फळीवर माझं अक्षर नाही, असं तो सांगतो. एरवी तो थोडं फुगवून बोलतो, पण एवढ्यापुरतं त्याचं खरं मानायला हरकत नाही.

या धंद्याची एक रीत आहे. जुनं भांडं दुसऱ्याच्या घरी गेलं की आधीचं नाव घासून काढायचं आणि मग नव्या मालकाचं टाकायचं. भाऊ वेगळे निघतात, कुणी घर विकून पुण्याला जातं, कुणाची सून सासूच्या नावाचा हंडा आपल्या नावावर करून घेते. आधीचा माणूस कोण होता हे कुणी विचारत नाही. हरिदासनं हजारो नावं टाकली तशी शेकडो घासलीही. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही, आणि वाटावं असं काही होतंय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्याला नाद लागला तो मोडीच्या टोपल्यातून. जुनं पितळ देऊन नवं स्टील नेणारी गिऱ्हाइकं दुकानात रोजच येतात. त्या मोडीत फुटके तांबे, दिव्यांच्या बैठकी, घंटांच्या जिभा असं काय काय सापडतं. एकदा त्याला रुपयाएवढी एक पितळी चकती मिळाली. तिच्यावर देवळीच्या एका किराणा पेढीचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, दोन पैसे. भांड्यांच्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकानं ती ओळखली आणि त्याला गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात, बेचाळीस-त्रेचाळीस साली, बाजारातून सुटे पैसे दिसेनासे झाले होते. धातूला भाव आला होता, लोकांनी नाणी दाबून ठेवली होती, काहींनी तर वितळवली म्हणे. पैशाचं मीठ घ्यायला आलेल्या माणसाचा आणा मोडून द्यायला दुकानदाराकडे काही नसायचं. मग दुकानदारांनी आपापले बिल्ले काढले, कुणी पुठ्ठ्याचे, कुणी पत्र्याचे, ऐपत असलेल्यांनी पितळेचे ठसा मारून. सुट्याऐवजी बिल्ला न्यायचा, पुढच्या खेपेला तोच देऊन माल घ्यायचा. सरकारनं भोकाचा पैसा काढल्यावर ही टंचाई सरली आणि बिल्ले मोडीत गेले.

तेव्हापासून हरिदास पेटला. कापसाच्या जिनिंगमधल्या उपाहारगृहाचे, आर्वीकडच्या तेल्याचे, पुलगावच्या चहावाल्याचे असे त्रेसष्ट बिल्ले त्यानं जमवले. ते त्यानं मसाल्याच्या तीन गोल डब्यांत ठेवले, एका वाटीत तीन-तीन. त्याची बायको छाया सुरुवातीला म्हणायची की इतक्या वाट्यांत मोहरी-जिरं असतं तर निदान फोडणीला तरी आलं असतं. पुढं एका वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून आला आणि ती गप्प झाली.

प्रत्येक बिल्ल्याची मागची बाजू कोरी असायची. तिथं हरिदास बारीक अक्षरात ‘ह. झा.’ आणि पुढं आकडा टाकायचा. नागपूरहून एक संग्राहक बघायला आले होते, ते हे पाहून कळवळलेच. जुन्या वस्तूवर असं कोरलं की तिची किंमत जाते, असं ते परोपरीनं सांगत होते. हरिदास ऐकेल तर ना! वस्तू माझी, तर नाव माझंच राहणार, असं म्हणून त्यानं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मागच्या मार्चमध्ये पौर्णिमा थूल त्याच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. पस्तिशीची बाई, पंचायत समितीत नोकरीला, राहणार सेलूची. काही नाव टाकून घ्यायला आली असेल म्हणून त्यानं हात पुढं केला, पण तिच्या हातात भांडं नव्हतं. तिला एक बिल्ला हवा होता.

तिची आजी तानाबाई आता एक्क्याण्णव वर्षांची होती. तिचे वडील रामाजी यांचं त्या युद्धाच्या काळात सेलूच्या वस्तीत एक लहानसं दुकान होतं. मीठ, मिरची, घासलेट, विड्या असा माल. वस्तीला तेव्हा महारवाडा म्हणत. गावातल्या शेठचे बिल्ले मजुरीत मिळायचे, पण वस्तीतल्या माणसानं ते शेठच्या हातात द्यायचे नाहीत. दारातल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे आणि नोकरानं मागून काढून घ्यायचे. रामाजीनं हे दोन महिने पाहिलं. मग एके दिवशी घरातला एकुलता एक पितळी तांब्या फोडला आणि त्याच्या चोवीस चकत्या कापल्या. वस्तीपुरता स्वतःचा पैसा काढला. छाप्याला पैसे नव्हते, तेव्हा पुढच्या बाजूला एक पैशाची खूण आणि मागच्या बाजूला आपलं नाव, दोन्ही त्यानं खिळ्यानं ठोकून काढलं. पौर्णिमा हे सगळं अर्ज वाचून दाखवावा तशी सांगत होती.

तिच्या मागण्याचं कारण साधं होतं. विहाराच्या बाजूच्या खोलीत वस्तीच्या जुन्या वस्तू मांडायचं चाललं होतं. रामाजीच्या दुकानाची गोष्ट तानाबाई जन्मभर सांगत आली होती आणि जन्मभर लोक हसत आले होते. महाराचा पैसा कधी चालला का, असं गाव म्हणायचं. आता घरातली पोरंही म्हातारीच्या डोक्याचं खूळ म्हणू लागली होती. दाखवायला हातात काही नव्हतं. आजी आहे तोवर तिच्या तळहातावर तो बिल्ला ठेवायचा, एवढंच पौर्णिमाच्या मनात होतं.

“खूण काही आहे का?” हरिदासनं विचारलं.

“आजी म्हणते, हातोडा नव्हता. खिळा दगडानं ठोकत होते, म्हणून कुठं कुठं आरपार जायचा. उजेडात धरला की भोकं दिसायची.”

हरिदासनं मशीनची वायर उगाचच सरळ केली. मग म्हणाला, “असा तर काही आला नाई बुवा माह्याकडं. पाहतो, सापडला तर सांगतो.”

खोटं बोलताना त्याची जीभ जराही अडखळली नाही. पौर्णिमा आपला नंबर लिहून देऊन गेली आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या ताटावर त्यानं ‘मंजुषा’च्या ऐवजी ‘मनीषा’ टाकून ठेवलं. बेचाळीस वर्षांत असं दुसऱ्यांदा झालं.

घरी आल्याबरोबर त्यानं पहिला डबा उघडला आणि सतरा नंबर काढून खिडकीत धरला. ‘ह. झा. १७’च्या अवतीभवती चार बारीक भोकांतून उजेड आला. आजवर तो ती कीड समजत होता, पितळ जुनं झाल्यावर पडते तशी. टेबलाशी रामाजीचं नाव ऐकूनच त्याच्या मनात चमकून गेलं होतं, आता सगळं आठवलं. एक्क्याण्णव साल, मोडीचं पोतं, सेलूकडून आलेलं. एका बाजूला वेडीवाकडी पैशाची खूण, दुसऱ्या बाजूला ठिपक्याठिपक्यांत ‘रामाजी’. ना पेढी, ना शेठ, ना गाव. भांड्यावर असतं तसं कुणातरी मालकाचं नाव असेल, असं तो समजला. आपलं नाव टाकायला जागा हवी होती. म्हणून पॉलिशच्या चाकावर धरला, दोन मिनिटांत मागची बाजू गुळगुळीत झाली. मनाला एक क्षणभरही थांबावंसं वाटलं नव्हतं, आणि हेच आता त्याला आतून खात होतं.

चार दिवस त्याला जेवण गेलं नाही. छायानं पोटाचं विचारलं, पाठीचं विचारलं. शेवटी त्यानं सांगून टाकलं. ती बिल्ला हातात घेऊन म्हणाली, जाऊन देऊन या. पण द्यायचं तर काय सांगून द्यायचं, हा प्रश्न होता. वर्तमानपत्रात फोटो आलेला माणूस, जिल्ह्याच्या जुन्या बिल्ल्यांचा जाणकार, आणि त्यानं जगातला एकुलता एक बिल्ला चाकावर धरलेला! सतरावर पुन्हा नाव घालायचं तर आपलं नाव आधी घासावं लागणार. एका घासणीनं तो पत्रा आधीच इतका पातळ झाला होता की दुसरीत फाटला असता.

बाजार बंद असतो त्या दिवशी दुपारी हरिदासनं मोडीतल्या एका फुटक्या पितळी तांब्याचं बूड कापलं. चकती केली. मशीन बाजूला ठेवून खिळा घेतला आणि एका बाजूला पैशाची खूण आणि दुसऱ्या बाजूला, आठवून आठवून, त्याच वेड्यावाकड्या ठिपक्यांत ‘रामाजी’ काढलं. हाताला जन्माची सवय, अक्षर हुबेहूब उतरलं. मग चिंचेचं पाणी, चुलीची राख, थोडं तेल. संध्याकाळपर्यंत चकती ऐंशी वर्षांची झाली. आपल्या कामावर तो मनातून खूषही झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

छाया दारात उभी राहून बघत होती. “तुम्ही आजवर नावं टाकली ती त्या त्या माणसानं सांगितली म्हणून,” ती म्हणाली. “हे कोणं सांगितलं टाकाले?”

त्यानं राखेचे हात धुतले. दुसऱ्या दिवशी पौर्णिमाला फोन करून बिल्ला सापडल्याचं सांगितलं, आणि रविवारी सकाळच्या एसटीनं सेलूला निघाला. नवी चकती शर्टाच्या खिशात, कागदात गुंडाळलेली. निघता निघता सतरा नंबरही त्यानं पँटच्या खिशात टाकला. तो कशाला घेतला हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तानाबाई ओसरीत खाटेवर बसली होती. अंगानं मूठभर उरलेली, पण आवाज खणखणीत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं तिनं करू दिलं नव्हतं, एक पुरतो म्हणून. हरिदासला पाणी आलं, चहा आला. तो खिशाला हात घालतो तोच ती आपल्या बापाबद्दल बोलू लागली, आणि मध्ये तोंड घालायची सोय राहिली नाही.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. चकत्यांच्या कडा हाताला कापायच्या, म्हणून पाट्यावर घासून त्या बोथट करायचं काम तिचं. वस्तीत ते बिल्ले दीड वर्ष चालले. मग भोकाचा पैसा आला. रामाजीनं घरोघर निरोप दिला की ज्याच्याकडं माझा बिल्ला असेल त्यानं आणून द्यावा आणि पैशाचं मीठ घेऊन जावं. तेवीस आले, ते मोडीत देऊन घरात पुन्हा तांब्या आला. एक आला नाही. कुणी लग्न होऊन गेली तिच्याबरोबर गेला असेल, कुणाच्या पोरानं हरवला असेल. रामाजीनं पैशाचं मीठ पुडीत बांधून फळीवर ठेवलं. पावसाळ्यात त्याला पाणी सुटायचं, की पुन्हा नवी पुडी बांधायचा. लोक चेष्टा करायचे. तो म्हणायचा, माझ्या नावाचा बिल्ला बाहेर आहे. एकोणसाठ साली तो गेला तेव्हाही फळीवर पुडी होती.

“आन म्हणे तो चोविसावा तुमच्याकडं निघाला,” तानाबाई म्हणाली आणि तळहात पुढं केला.

हरिदासनं शर्टाच्या खिशातली चकती काढून त्या हातावर ठेवली. पौर्णिमा मोबाइल घेऊन फोटोला वाकली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हातारीनं अंगठा फिरवला, नावावरून, मग कडेवरून, गोल गोल. चकती उचलून दाराच्या उजेडात चांगल्या डोळ्यासमोर धरली. बराच वेळ धरली.

“काम चांगलं आहे,” ती म्हणाली. “पण बाबू, हे माह्या बापाचं नोय. उजेड येत नाई.”

सगळं आठवून आठवून काढताना हरिदास भोकं विसरला होता. बेचाळीस वर्षांच्या हातानं खिळा कधी आरपार जाऊच दिला नव्हता. आता चूक झाली म्हणून उठावं आणि बस धरावी, एवढं सोपं होतं. पौर्णिमानं तर तसं म्हणूनही टाकलं, काकांचा गैरसमज झाला असेल, तरी इतक्या लांब आले बिचारे. तो ‘बिचारे’ मात्र त्याला सोसला नाही. हा गृहस्थ इतका लाजलेला त्याच्या लग्नानंतर कुणी पाहिला नसेल. त्यानं पँटच्या खिशातला सतरा काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

तानाबाईनं तो उजेडात धरला. चार ठिकाणी लखलख झालं. तिनं बिल्ला उलटा करून पैशाच्या खुणेवर अंगठा ठेवला, मग कडेवर. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग तिनं मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि थांबली.

“नाव कुठं गेलं?”

“मी घासलं,” हरिदास म्हणाला. “माह्यं टाकाले जागा पाह्यजे होती.”

पौर्णिमा ताडकन उठली. म्हणजे त्या दिवशी टेबलाशी तुम्हाला माहीत होतं, एवढंच ती म्हणाली. त्यानं हो म्हणून मान हलवली. तानाबाईनं तिला हातानं बसवलं.

“तुह्याकडं बाकीचेही आहेत म्हणे, शेठ लोकाइचे. त्याइचे नावं घासले का?”

“नाई.”

“मग याचंच काऊन?”

हरिदासला एक-दोन बऱ्यापैकी कारणं सुचली, मागची बाजू, जागा, धंद्याची रीत. त्यातलं एकही त्याच्या तोंडून निघेना.

“आजी, ते नाव दुकानदाराचं असंल असं मले वाटलंच नाई.”

मग तो घाईघाईनं पुढं बोलू लागला, की मी माझं नाव काढतो, फार जपून काढतो, पत्रा पातळ आहे पण मागून दुसरा पत्रा जोडता येईल, आणि रामाजीचं जसं होतं तसं घालून देतो, कुणाला ओळखू येणार नाही.

“कोणाले ओळखू येणार नाई, ते कायले पाह्यजे?” तानाबाई म्हणाली. “राहू दे तुह्यं नाव. खोलीत तसाच ठेवू. येनाऱ्याले दिसू दे, कोणतं पुसून कोणतं टाकलं ते.” मग पौर्णिमाकडं वळून म्हणाली, “पाटी त्याच्याच हातानं लिहू दे. त्याचं अक्षर चांगलं आहे.”

पौर्णिमानं पांढरा पुठ्ठा आणि काळं पेन आणून त्याच्यासमोर ठेवलं, जरा जोरातच. हरिदास खाटेशेजारी मांडी घालून बसला. त्यानं लिहिलं: ‘एक पैसा. रामाजी यांच्या दुकानाचा बिल्ला, सेलू, १९४३. मागचं नाव मी घासलं आणि माझं टाकलं. हरिदास झाडे, वर्धा.’ पौर्णिमानं ते आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारीनं मान डोलावली. नवी चकती त्यानं परत शर्टाच्या खिशात ठेवली होती. ती पौर्णिमानं मागून घेतली आणि त्याच्यादेखत खलातल्या बत्त्यानं चेचली.

तो उठला. पायात चप्पल घालतो तोच तानाबाईनं मागून हाक मारली. नातीला आत पाठवून तिनं वाटीभर जाडं मीठ मागवलं. ते वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ओतलं आणि पुडी बांधू लागली. बोटं वाकडी झालेली, चौथ्यांदा गाठ बसली. कुणी मदत केली नाही, तिनं करूही दिली नसती. हरिदास दारात उभा होता आणि तिथून कुठं निघून जावं हे त्याला कळत नव्हतं.

“आजी, हे कायले?” तो कसाबसा म्हणाला. “मी घेऊ शकत नाई.”

“बिल्ला कोणं आणला? तूच ना?” तिनं पुडी त्याच्या हातात दिली आणि वरून त्याची बोटं मिटवली. “घेऊन जाजो. आता माह्या बापाकडं कोणाचंच राह्यलं नाई.”

वर्ध्याच्या बसमध्ये त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. सगळ्या वाटेत त्यानं पुडी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. शेजारच्या माणसानं, प्रसाद का भाऊ, असं विचारलं. हरिदासनं नाही म्हणून मान हलवली आणि तोंड खिडकीकडं केलं.